पानांची सोय

"आमच्या फरशीले ताप आला रे," असं ताईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी एका बारशाचं सूत्रसंचालन करून नुकताच घरी परतलो होतो. बारशालाही हल्ली सूत्रसंचालक लागतो, हे ज्यांना खरं वाटत नसेल त्यांनी नागपूरला येऊन पाहावं.

"ताई, मे महिना आहे," मी म्हटलं. "बाहेर सत्तेचाळीस अंश. फरशीला ताप नाही तर काय सर्दी होणार?"

ती हसली नाही. "तू येऊन पाय बरं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्या विनोदावर ताई हसली नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं, कारण माझे विनोद ऐकून हसणाऱ्या माणसांपैकी मानधन न घेता हसणारी ती एकटीच.

कुमुदताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिचं सासर पानपेठेत, नदीच्या अलीकडच्या उतारावर. धोट्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विड्याच्या पानांचा धंदा. रामटेककडून कपुरी पान येतं, धोट्यांच्या पानखोलीत विसावतं आणि तिथून शहरभर जातं. पोरंसोरं सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळायला लागल्यापासून धंदा निम्म्यावर आला, तरी लग्नकार्याला आणि देवाला पान लागतंच. भाऊजींचं, म्हणजे वामनरावांचं, हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून सगळं ताईच बघते.

ही पानखोली घराच्या जोत्यापेक्षा तीन पायऱ्या खाली. दगडी फरशी, पश्चिमेला एकही खिडकी नाही. सकाळी फरशीवर पाणी शिंपडायचं, केळीच्या पानांचं अस्तर लावलेल्या टोपल्या मांडायच्या, वर ओलं फडकं टाकायचं. रोज एकेक पान हातात घेऊन उलटायचं आणि डाग पडलेलं बाजूला काढायचं. "पान म्हणजे तान्हं लेकरू," ताईची सासू म्हणायची. "त्याले गरमी झाली की आपल्याले समजलं पाहिजे." उन्हाळ्यात दुपारी अख्खं घर त्याच खोलीत आडवं व्हायचं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी भाऊजींना उष्म्यापासून जपायला सांगितलं, तेव्हा त्यांची सतरंजी तिथंच कायमची पडली. विजेचा कूलर तिथं चालत नाही. त्याचा वारा लागला की पान सुकतं.

मी गेलो, चप्पल काढली आणि तीन पायऱ्या उतरून पाऊल टेकवलं. टेकवलं तसं उचललं. फरशी पोळत नव्हती. पोळली असती तर बरं, ऊन म्हणून सोडून देता आलं असतं. ती कोमट होती, आजारी माणसाच्या कपाळासारखी. सूर्याचा एक किरणही त्या खोलीत कधी पोचत नाही, आणि तरी ऊब येत होती ती खालून.

"विहिरीचं पाणीही असंच," ताई म्हणाली. "आंघोळीले तापवाच नाही लागत. पहिले वरच्या गल्लीतल्या बापुरावच्या घरी झालं, मंग देवळाजवळ, आता आमच्याइकडे." तिनं एका टोपलीवरचं फडकं उचललं. वरचा थर हिरवा होता. खालची पानं काळी, चिकट. सहा पिढ्यांत या खोलीत असा वास आला नव्हता.

भाऊजी सतरंजीवर उताणे पडून छताकडे पाहत होते. खाली दोन गोधड्या घातल्या होत्या. "दिवाकर," ते म्हणाले, "जमिनीपासून वाचाले गोधडी घ्या लागते म्हणजे कमालच झाली न बाप्पा."

ताईनं फडकं पुन्हा नीट झाकलं. "वरतं ते शीतांगण झालं, तेव्हापासून मी ऐकून राह्यली, तिथं लई गार राहते म्हणून. तिथली गरमी मंग जाते कुठं रे? कुठं तं जात असंन न? तू तं त्या लोकाईत उठतो-बसतो. विचारजो ते बांधणाऱ्या साहेबांले."

*

शीतांगण काय आहे हे नागपुरात कुणाला सांगायला नको. पण बाहेरच्यांसाठी सांगतो, मला समजलं तेवढं.

शहराच्या उंच अंगाला, पानपेठेपासून चढावर अर्ध्या कोसावर, चाळीसेक इमारतींची वसाहत आहे. घरं, शाळा, इस्पितळ, सभागृह, सगळं तिथंच. तिथं एकाही भिंतीवर एसीचा डबा नाही. फरशीखाली नळ्यांचं जाळं आहे आणि नळ्यांतून एक द्रव फिरतो. खोलीतली उष्णता फरशीत उतरते, फरशीतून द्रवात. छतावरच्या सौरपट्ट्यांवर चालणारे पंप ती उष्णता द्रवातून पिळून काढतात आणि दोनशे फूट खोल बोअरमध्ये नेऊन खडकात सोडतात. माणसाला लागतो फक्त खालून येणारा गारवा. बाहेर सत्तेचाळीस असताना आत तेवीस.

ही युक्ती थंड देशांत जुनीच. पण तिथले लोक उन्हाळ्यात जमिनीत घातलेली उष्णता हिवाळ्यात घरं तापवायला परत काढून घेतात. आपल्याकडे हिवाळा म्हणजे शेकोटीपुरता. त्यामुळे आधीच्या सगळ्या प्रयोगांत चार वर्षांत बोअरभोवतीचा खडक तापायचा, उष्णता उलटी यायला लागायची आणि यंत्र तुंबायचं. यशोधन पेंढारकरांनी ते कोडं सोडवलं. त्यांच्या चमूनं बोअरला आतून एक अस्तर लावलं. या अस्तरातून उष्णता आतून बाहेर जाते, बाहेरून आत येत नाही. घराच्या दाराला जशी आतून कडी असते तसं. आणि बोअर अशा भेगाळ खडकात घेतले की तिथलं भूजल ती उष्णता हळूहळू दूर वाहून नेईल. खडक तुंबला नाही. शीतांगण अकरा उन्हाळे गारच राहिलं.

दूर म्हणजे कुठं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. सगळ्यांना आत शिरायची घाई होती.

आता त्याच पेंढारकरांना नगरसौष्ठव प्रतिष्ठानचा जीवनगौरव सन्मान मिळणार होता. वास्तुकला आणि नगरसुधारणा या क्षेत्रांतल्या धुरीणांचा भव्य गौरवसोहळा आणि मेजवानी, शीतांगणाच्याच सभागृहात. निमंत्रणपत्रिकेवर 'गाला डिनर' असं छापलं होतं. सूत्रसंचालन अर्थातच दिवाकर मोहाडीकर. आणि जेवणानंतर द्यायच्या विड्यांचं काम माझ्या शब्दावर ताईला मिळालं होतं. चारशे गोविंद विडे, लवंग टोचलेले.

*

सोहळ्याच्या संध्याकाळी मी ताईला आणि तिच्या टोपल्यांना मागच्या दारानं आत नेलं. भटारखान्याशेजारी एक रिकामी खोली तिला दिली होती. टोपल्या टेकवल्या, पदर खोचला, आणि सवयीनं तिनं चपला काढल्या. पानाच्या खोलीत ती चपला घालून कधीच शिरत नाही.

पाऊल टेकलं आणि ती थबकली. मग दुसरं पाऊल टेकवलं. मग खाली वाकून तळहात फरशीवर ठेवला, आणि तसाच ठेवून राहिली.

"अगाई," ती हळूच म्हणाली. "ही तं आमची फरशी होय रे."

"म्हणजे?"

"आमची पानखोली अशीच होती न. तू लहानपणी येऊन पोट टेकून झोपायचा. आठवते काय?"

आठवत होतं. मी टोपल्या तिच्या हाताशी सरकवल्या. ताई खाली बसली, मांडी घातली आणि पानं पुसायला लागली. मी पेंढारकरांना शोधायला निघालो.

ते मंचामागच्या खोलीत एकटेच बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, खादीचा झब्बा, पायांत साध्या चपला. मी त्यांना अनेक समारंभांत पाहिलं होतं आणि सत्कारमूर्ती म्हणून मला ते कधीच आवडले नव्हते. कौतुक सुरू झालं की चष्मा पुसत बसतात. पण माणूस सरळ.

"सर, एक खासगी प्रश्न होता," मी म्हटलं आणि ताईची फरशी सांगितली. विहिरी सांगितल्या, पानं सांगितली. भाऊजींच्या दोन गोधड्याही सांगितल्या.

मला वाटलं होतं ते म्हणतील, छे हो, तपासावं लागेल, तज्ज्ञांना विचारू. मोठी माणसं अशा वेळी असंच काही म्हणतात. पेंढारकर म्हणाले, "कितव्या गल्लीत घर आहे?"

"देवळामागची गल्ली."

त्यांनी डोळे मिटले. "आमच्या आकडेमोडीत तिथं पोचायला अजून दोन वर्षं होती."

मला ते समजायला एक क्षण लागला. "तुम्हाला माहीत होतं?"

"बांधताना नव्हतं. आम्हाला वाटलं होतं उष्णता पसरेल आणि इतकी विरळ होईल की कुणाला कळणार नाही. पण त्या खडकात एक मोठी भेग आहे. पाणी पसरत नाही, ओढ्यासारखं एकाच दिशेनं जातं आणि उताराला, पानपेठेखाली, वर येतं. तीन वर्षांपूर्वी मोजणीत आलं. मी लिहून दिलं, बैठका झाल्या, एक समिती बसली. ती अजून बसलेलीच आहे."

"मग बंद करा की पंप!" माझा आवाज चढला होता. मंचामागे माझा आवाज सहसा चढत नाही.

"दिवाकरराव, बसा." त्यांनी खुर्ची पुढे केली. "जमिनीखालचं पाणी मुंगीच्या पावलानं चालतं, आणि उष्णता त्याच्याही मागून. आज तुमच्या ताईंच्या फरशीखाली जी आहे ना, ती आम्ही पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत सोडलेली. तेव्हा इथं सहाच इमारती होत्या. त्यानंतरच्या सगळ्या उन्हाळ्यांची उष्णता अजून वाटेत आहे."

मी बसलो.

"आज, आत्ता, सगळे पंप बंद केले तरी ती येणारच. चुलीवरून उतरवलेल्या तव्यावर भाकरी करपते तसं. आणि बंद केले तर इथल्या इस्पितळाचं काय करायचं? त्या इमारतींना खिडक्यासुद्धा मीच उघडत्या ठेवल्या नाहीत. पानपेठेत बोअर घेऊन उष्णता परत उपसावी म्हटलं, तर गल्लीत यंत्र शिरत नाही, आणि उपसलेली उष्णता ओतणार कुठं? मे महिन्याच्या हवेत? लोकांच्या अंगणात?" ते चष्मा पुसायला लागले. "सगळं करून पाहिलं मी. कागदावर."

"मग ताईला काय सांगू?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "एक करता येईल. पालकमंत्री आज शीतांगणाच्या दुसऱ्या टप्प्याची घोषणा करणार आहेत. आणखी शंभर इमारती, याच उताराच्या वरच्या अंगाला. ते थांबलं तर निदान पानपेठेच्या नातवंडांना पुढची धग लागणार नाही. मला भाषण दिलेलं नाही, फक्त तुमच्यासोबत दोन मिनिटांच्या गप्पा आहेत. तुम्ही मला तिथं विचारा. ताईंनी विचारलं तसंच विचारा. मी उत्तर देतो. चारशे लोकांसमोर बोललेलं कुणाला पुसता येणार नाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. ताईची खोली वाचणार नव्हती हे कळूनही बरं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं माईकवरून वाचली, आज एक वाक्य घरचं होतं.

*

मेजवानी थाटाची होती. कोथिंबिरीची पुडाची वडी होती, पण अंगठ्याएवढी, पांढऱ्या बशीच्या मधोमध, आणि भोवती चटणीचे तीन ठिपके. झणझणीत सावजी रस्सा चहाच्या छोट्या पेल्यातून. माझ्या शेजारी बसलेल्या एका बिल्डरनं तीन पेले मागून घेतले आणि चौथ्यांदा मागायची त्याला लाज वाटली. पहिले दोन सत्कार झाले. एका बाईंनी बुजलेले तलाव मोकळे केले होते, एका तरुण जोडप्यानं चौकाचौकात सावलीचे मांडव उभे केले होते. शाल, श्रीफळ, मानपत्र, टाळ्या. मी घड्याळाबरोबर चाललो होतो.

मग पेंढारकर मंचावर आले. समोर चारशे माणसं, पहिल्या रांगेत पालकमंत्री. मी माईक हातात घेतला. मनात वाक्य घोळवून ठेवलं होतं. इथली गरमी जाते कुठं? चारच शब्द.

आणि मग माझ्या गळ्यानं घात केला.

तीस वर्षांची सवय आहे हो. माईक तोंडाशी आला की माझा आवाज आपोआप लवतो, मधाळ होतो, वाक्याला झालर लागते. मला स्वतःलाच ऐकू येत होतं मी काय बोलतोय ते, आणि थांबता येत नव्हतं. "रसिकहो," मी म्हणालो, "ज्यांनी नागपूरच्या सूर्याला हात धरून जमिनीत नेऊन गाडलं, त्या जादूगाराला आज आपण विचारू या, की सर, सांगा ना, तो बिचारा सूर्य शेवटी गेला तरी कुठं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली.

पेंढारकरांनी माझ्याकडे पाहिलं. मग माईकजवळ वाकून, अगदी शांतपणे म्हणाले, "तो पानपेठेत गेला."

सभागृह हसलं. खदखदून हसलं. मी आधी फुगा फुगवून ठेवलाच होता, त्यांना वाटलं सरांनी तो फोडला.

"हसू नका," पेंढारकर म्हणाले. "मी खरं सांगतोय. पानपेठेतल्या विहिरी तापल्या आहेत. घरांच्या फरश्या तापल्या आहेत. आपण इथं जी उष्णता..."

"घ्या!" पहिल्या रांगेतून पालकमंत्री उठले. कुणीतरी तत्परतेनं त्यांच्या हातात माईक दिला. "सरांची नम्रता पाहा! अहो सर, पानपेठेला आम्ही बिनाबिलाचं गरम पाणी दिलं, असं म्हणा की!"

आता तर लोक टेबलं वाजवायला लागले. पेंढारकर काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. पण ध्वनिव्यवस्थेवाल्यानं, टाळ्या आल्या की संगीत, या माझ्याच सूचनेनुसार सनई सोडली होती. मंत्री मंचावर आले, त्यांनी शाल अंगावर घातली, नारळ हातात दिला आणि तसंच खांद्यावर हात ठेवून जाहीर करून टाकलं, शीतांगणाचा दुसरा टप्पा, शंभर इमारती, मुख्य मार्गदर्शक यशोधन पेंढारकर. अर्धं वाक्य तोंडात घेऊन तो माणूस शालीत गुंडाळलेला उभा राहिला.

मी माईक उचलला. सांगायचं होतं की थांबा, त्यांचं बोलणं पुरं होऊ द्या. मला आठवतंय, मी तोंड उघडलं. चारशे प्रसन्न चेहरे माझ्याकडे पाहत होते, मी पुढचं काय सांगतो म्हणून. "जोरदार टाळ्या!" मी म्हणालो.

मला माझी इतकी शिसारी कधी आली नव्हती.

*

ताईनं सगळं ऐकलं होतं. भटारखान्यातही ध्वनिक्षेपक होता. मी गेलो तेव्हा ती शेवटच्या विड्यांना लवंगा टोचत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "विचारलं तं होतं तू. मी ऐकलं."

"ताई, मी नीट नाही विचारलं."

"नीट विचारलं असतं तरी ते हसलेच असते बाबू. पोट भरलं होतं न त्यायचं."

तेवढ्यात पेंढारकर आले. शाल खांद्यावरून अर्धी लोंबत होती, नारळ अजून हातातच. दाराशी त्यांनी चपला काढल्या. का काढल्या कोण जाणे, बहुधा तिच्या बाजूला पडलेल्या पाहून. ताई उठली, पदर सारखा केला, आणि चांदीच्या वर्खाचा विडा त्यांच्यापुढे धरला. घरी आलेल्या माणसाला ती विडा दिल्याशिवाय सोडत नाही, मग तो वसुलीवाला का असेना.

त्यांनी घेतला, पण तोंडात घातला नाही. "ताई, तुमच्या घरी यायला हवं होतं मी. तीन वर्षांपूर्वीच."

"येऊन काय केलं असतं जी?"

"काही नाही," ते म्हणाले. मला त्यांचं हे उत्तर आवडलं.

मग ते घाईघाईनं, स्वतःचीच लाज वाटत असल्यासारखं म्हणाले, "इथं तळमजल्यावर एक कोठार आहे. माझ्या अधिकारात येतं. रिकामंच असतं. तुमची पानं तिथं ठेवता येतील. भाडं नको. पानं आठ-दहा दिवस आरामात टिकतील."

ताईनं फरशीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत हिशेब सुरू झाला, धंदेवाल्या बाईचा. "साऱ्या टोपल्या मावतीन?"

"सगळ्या."

"अन्..." ती अडखळली. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही तिनं. "दुपारच्याले माह्या मालकाईले तिथं थोडं आडवं होता येईन काय? ते काही तरास नाही देत. कोपऱ्यात पडून राहतीन."

पेंढारकरांचं तोंड उतरलं. "ते कोठार आहे ताई. माणसांना परवानगी नाही. मी विचारून पाहतो." विचारून पाहतो, हे ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरूनच उत्तर कळलं. नंतर त्यांनी खरंच विचारलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा सुरक्षा नियमावलीचं तेच कलम उत्तर म्हणून आलं.

"बरं," ताई म्हणाली. आणि मग, लवंग टोचता टोचता, "एक सांगा जी साहेब. माह्या पानांले इथं गार ठेवाचं म्हणजे त्याईची गरमी खाली सोडाच लागंन न तुमाले?"

"हो."

"म्हणजे ते येईन आमच्याच घरी."

"थोडीशीच. आणि खूप वर्षांनी."

ताईनं मान डोलावली, जणू पानाचा भाव ठरला होता. "मंग येऊ द्या. तवर पानं तं जगतीन."

*

आता रोज सकाळी माल आला की मी माझ्या गाडीतून ताईला आणि टोपल्यांना शीतांगणात नेतो. रक्षक टोपल्या मोजून आत सोडतो. टोपल्यांना पास आहे, ताईलाही टोपल्यांसोबत अर्ध्या तासाचा आहे. मला नाही, मी दारातूनच पाहतो. दुसऱ्या टप्प्याचे बोअर वरच्या अंगाला सुरू झालेत, त्यांची घरघर तिथं ऐकू येते. पेंढारकरांनी मार्गदर्शकपद नाकारलं. त्यांच्या जागी दुसरे आले, आणि त्यांच्या स्वागतसमारंभाचं सूत्रसंचालन मी नाही म्हटल्यावर दुसऱ्यानं केलं. तोही छान बोलतो, असं ऐकलं.

ताई आत चपला काढते. टोपल्या फरशीवर ओळीनं मांडते, एकेक पान हातात घेऊन उलटते. काम लवकर आटोपलं की भिंतीशी टेकून तशीच बसते, पाय लांब करून, दोन्ही टाचा फरशीला नीट चिकटवून. भाऊजी घरी तीन गोधड्यांवर असतात. हल्ली त्यांना धाप लागते.

काल रक्षक आत डोकावला आणि हळूच म्हणाला, "ताई, टाइम झाला जी."

"हाव," ती म्हणाली. तिनं ओलं फडकं पानांवर ओढलं, कडा नीट खोचल्या, तान्ह्या लेकराच्या दुपट्याच्या खोचाव्या तशा. वरून दोनदा थोपटलं. "निजा आता," म्हणाली, आणि चपला घालून उन्हात घरी जायला निघाली.